भिंत उभी राहण्याआधी

प्लास्टर वाळलंय, रंगाचा पहिला हात झालाय आणि आतून छिन्नी-हातोडीचा आवाज येतोय. कळमनुरीत, आखाडा बाळापुरात किंवा वारंगा फाट्याकडे कुणाच्या नव्या घरी गेले आणि दारातच हा आवाज कानावर पडला, की माझ्या काळजात चर्र होतं. आत काय चाललं असेल ते न बघताही सांगता येतं. फ्रिजचा पॉइंट दारामागे गेलेला असतो. नाहीतर पलंगाची उशाकडची बाजू ज्या भिंतीला लागणार, नेमका तिथेच स्विचबोर्ड आलेला असतो. नाहीतर वॉशिंग मशीनला नळ आहे, पण पाणी बाहेर जायला पाइपच नाही. मग वायरमन भिंत खाचतो, गवंडी खाच बुजवतो, पेंटर वरून पुट्टी ओढतो. तिघांची हजेरी घरमालक भरतो, आणि एवढं करूनही त्या भिंतीवर वळ उठल्यासारखा पट्टा कायम दिसत राहतो.

मी कळमनुरी तालुक्यात घरांचे नकाशे काढते. स्थापत्याची पदविका घेतली तेव्हा वाटायचं, आपलं काम पाया, कॉलम, स्लॅब इतकंच. आतलं ज्याचं त्यानं बघावं. कामाला लागल्यावर कळलं, की लोकांचे पैसे पायात वाया जात नाहीत. पायाच्या वेळी सगळे सावध असतात. सळई मोजून घेतात, सिमेंटच्या पोत्यांवर नजर ठेवतात, स्लॅबच्या दिवशी भाऊबंद येऊन उभे राहतात. पैसे जातात ते नंतर, सुतार, फरशीवाला, वायरमन घरात शिरल्यावर, दोन-चार हजारांच्या तुकड्यातुकड्यांनी. त्या तुकड्यांची बेरीज कुणी मांडत नाही म्हणून ती दिसत नाही. मांडायला बसलं की घरातली माणसं गप्प होतात.

ही पुस्तिका त्या बेरजेसाठी लिहिली आहे. तिच्यातलं सगळं म्हणणं एकाच गोष्टीपाशी येतं: आतलं घर भिंतीच्या आधी ठरवायचं असतं. आपल्याकडे ते भिंतीनंतर ठरतं, पुष्कळदा रंगानंतर. ‘इंटीरिअर’ म्हटलं की पीओपीची नक्षी, रंगीत दिवे आणि शहरातला डिझायनर डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे हा विषय आपला नाहीच असं वाटतं. प्रत्यक्षात घर जितकं लहान तितका तो जास्त आपला. घरकुल योजनेत ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचं धरलं आहे, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. एवढ्या जागेत दार चुकीच्या बाजूला उघडलं तरी एक खाट बसायची राहते. मोठ्या बंगल्यात चूक झाकून जाते, घरकुलात ती रोज पायात येते.

पूर्वी आतलं घर भिंतीबरोबरच ठरायचं. माझ्या आजोळचं घर माळवदाचं होतं. ढेलजेतून आत गेलं की ओसरी, मग माजघर, आणि दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती. विकत आणलेलं कपाट त्या घरात नव्हतं. भिंतीतच फडताळ, दिव्याला देवळी, तांब्या-भांड्याला कोनाडा, टोपी-पिशवी अडकवायला खुंट्या. आजी सांगायची, भिंत छातीएवढी आली की गवंडी घरातल्या बाईला हाक मारायचा आणि हात वर करायला लावायचा. तिची बोटं पोचतील तिथे फडताळाची वरची फळी. दिवा लावताना पदर ज्योतीला लागू नये म्हणून देवळी खांद्याच्या वर. नंतर खाचायचा प्रश्नच नव्हता. तसली भिंत खाचायला कुणाची छाती होणार?

त्या घरांचे गोडवे मात्र मला गायचे नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तशाच भिंती आणि तशीच माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसं गेली. चिखलात रचलेले दगड आणि छतावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर यांनी ती मारली. तशी भिंत आता कुणी बांधू नये. पण भिंत उठता उठता बाईला हात वर करायला लावायची जी रीत होती, तीही त्या भिंतीबरोबर गेली, आणि तिच्या जागी दुसरी आली नाही.

आजची भिंत साडेचार नाहीतर नऊ इंचांची. तिच्यात फडताळ बसत नाही, म्हणून कपाट खोलीत पुढे येतं आणि दोन फूट खातं. दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीला कपाट आलं की समोरासमोर उरतात आठ फूट. पलंग साडेसहा फूट लांब. तो समोरच्या भिंतीला लावला की पायथा आणि कपाट यांच्यात राहतो दीड फूट. कपाटाचं एकेक दार पावणेदोन फुटांचं. ते उघडायचं तर पलंगावर चढून बसायचं. अशी खोली मी एका घरी पाहिली. त्या घरातली सून रोज सकाळी गादीवर गुडघे टेकून साडी काढते. हे गणित नकाशावर दोन मिनिटांचं होतं. कपाट बाजूच्या भिंतीला सरकवायला आणि दार एक हात अलीकडे घ्यायला त्या वेळी एक खोडरबर पुरलं असतं.

आता आमच्या भागातली एक खास अडचण, जी घरसजावटीच्या मासिकात सापडायची नाही. हिंगोली जिल्हा हळदीचा. फेब्रुवारीपासून हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या मार्केटला न्यायची. पैसा हातात येईतो एप्रिल उजाडतो. घराचं अडलेलं काम तेव्हा पुन्हा सुरू होतं. मे महिन्यात घरात लग्न, कारण पुष्कळदा घर काढलेलंच लग्नासाठी असतं. आणि जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो. म्हणजे प्लास्टर, फरशी, वायरिंग, ओटा, कपाटं, रंग, सगळं आठ-दहा आठवड्यांत. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो, आणि दोन्ही एकाच उन्हाळ्यात पाहतो.

त्या घाईत भिंतीचं काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सिमेंटच्या प्लास्टरला आपण सात-दहा दिवस पाणी मारतो. ते पाणी भिंत पिते, आणि पोटातून बाहेर सोडायला तिला पुढे कित्येक आठवडे, जाड भिंत असेल तर महिने लागतात. वरून हात लावला की ती कोरडी लागते. आमच्या उन्हात तर दोन दिवसांतच लागते. अशा भिंतीला पाठ टेकवून प्लायवूडचं कपाट उभं राहिलं की पाणी बाहेर पडायची एक बाजू बंद होते. ते कपाटात शिरतं. मागून पावसाळा येतो. दिवाळीला साड्या काढाव्यात तर कुबट वास, पाठीच्या पातळ प्लायवर बुरशीचे काळे ठिपके, आणि पुढच्या वर्षी उधई. लोक सुताराला बोल लावतात, की प्लाय हलका वापरला. कधी तो वापरलेलाही असतो. पण पुष्कळदा प्लाय चांगला असतो, सुतारही चांगला असतो, महिना चुकलेला असतो.

तपासायला काही लागत नाही. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावायचा आणि एक दिवस ठेवायचा. काढताना आतून दवासारखे थेंब दिसले की भिंत अजून ओली आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, लग्नाला ओटा, संडास-बाथरूम, दारं-खिडक्या, पंखे-दिवे एवढं पुरं करा. भिंतीतली कपाटं एक पावसाळा गेल्यावर. तोवर लोखंडी कपाट चार बोटं भिंतीपासून दूर ठेवा. पावसाळ्यात गळती कुठे आहे तेही कळतं, आणि घर काळ्या मातीवर असेल तर ते कुठे तडकतं तेही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलत राहतं. कपाट ठोकल्यावर मागची तड दिसत नाही, वाढत मात्र राहते. पाहुणे काय म्हणतील ही धास्ती मला कळते. रिकामी भिंत पाहून पाहुणे एक दिवस बोलतील. कुबट कपाट घरच्यांना पंधरा वर्षं वापरायचं आहे.

ओट्यापाशी मी जास्त थांबणार आहे, कारण ही चूक माझी स्वतःची आहे. स्वतःचं घर बांधलं तेव्हा मी कॅटलॉग पाहून ओटा पस्तीस इंचांचा केला. काळा ग्रॅनाईट, खाली ट्रॉल्या, सगळं देखणं. सासूबाई पाच फुटांच्या आत. आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, आणि भाकरी लाटत नाहीत, थापतात. मळलेला गोळा परातीत पिठावर ठेवून तळहातानं दाबत दाबत फिरवायचा. जोर मनगटात नसतो, खांद्यातून येतो, आणि तो सरळ खाली उतरायला हवा. त्यासाठी कोपर परातीच्या बरंच वर राहायला हवं. पस्तीस इंचांच्या ओट्यावर परात ठेवली की सासूबाईंचं कोपर परातीच्या काठाशी येई आणि खांदा कानाकडे चढे. त्यांनी तक्रार केली नाही. जेवायला बसायचा लाकडी पाट आणून त्यावर उभ्या राहून थापायला लागल्या. मी संध्याकाळी तो पाट पायात येतो म्हणून उचलून जागेवर ठेवत होते. दोन महिने ठेवत होते. नकाशे काढणारी बाई मी, आणि तो पाट मला काय सांगतोय ते कळलं नाही. खांदा धरला, डॉक्टरकडे गेलो, तेव्हा कळलं.

मग माप घेतलं. त्या उभ्या राहिल्या, हात कोपरात काटकोनात वाकवला, जमिनीपासून कोपरापर्यंत ३६ इंच. चिरणं-निवडणं यासाठी पृष्ठभाग कोपराच्या चार इंच खाली चालतो; जोर लावायच्या कामाला सहा किंवा जास्त. म्हणजे भाकरीची जागा तीस इंचांच्या आसपास हवी होती. ओटा फोडला नाही. खिडकीजवळ दोन फूट रुंदीचा तीस इंची वेगळा तुकडा केला, शेगडीच्या उजव्या हाताला, म्हणजे थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकता येते. त्यासाठी एक ट्रॉली काढून टाकावी लागली आणि गॅसची नळी फिरवावी लागली. आधी ठरवला असता तर तोच दगड, तोच गवंडी, तोच दिवस. वेगळा रुपया लागला नसता.

आज मॉड्यूलर किचन म्हणून जे विकलं जातं त्याची मूळ कल्पना जर्मनीतली. १९२६ मध्ये फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी सुमारे १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. बाईची पावलं किती वाया जातात, कुठल्या कामाला किती वेळ लागतो, हे पाहून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बसवली गेली. तोवर आपण स्वतः घर चालवलं नव्हतं, हे त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं. म्हणजे त्यांनी केलं ते निव्वळ बघून आणि मोजून. ते स्वयंपाकघर एकट्या बाईचं होतं. आपल्याकडे संक्रांतीला, मोहरमला, लग्नघरी एका ओट्यापाशी चौघी असतात. तिथली मापं आपल्याला उपयोगाची नाहीत, मोजायची पद्धत आहे. आपण नेमकं उलट घेतलं.

कॅटलॉगात नसलेल्या आणखी वस्तू आपल्या घरात असतात. सालाचं धान्य असतं: ज्वारी-गव्हाची पोती, पत्र्याची कोठी, तुरीच्या डाळीचे डबे. पाहुणे आले की घालायच्या गाद्या आणि वाकळी असतात. उन्हाळ्यातल्या कुरड्या-पापडांचे पिंप असतात. कूलर आठ महिने कुठेतरी ठेवायचा असतो. नळाला रोज पाणी येत नसेल तर बाथरूमबाहेर टाकी किंवा ड्रम हवाच. सुंदर हॉल झाल्यावर याच वस्तू जिन्याखाली, पलंगाखाली, देवघराच्या कोपऱ्यात शिरतात आणि मग घर ‘आवरत नाही’ म्हणून बाईला बोलणी बसतात. नकाशा काढताना मी आता पहिला प्रश्न विचारते: वर्षाला किती पोती भरता? लोकांना आश्चर्य वाटतं. तीन पोत्यांना भुईवर किती जागा लागते ते मोजून मी ती जागा नकाशावर काढते, कोरड्या, हवेशीर, ओल न येणाऱ्या भिंतीकडे. टीव्हीची जागा त्यानंतर.

पैशांच्या बोलण्यात सगळ्यात जास्त फसगत होते ती कपाटाच्या भावात. सुतार चौरस फुटाचा भाव सांगतो, आणि तो दर्शनी मापाचा असतो. सात बाय सातचं कपाट म्हणजे ४९ चौरस फूट. पण प्लाय लागतो किती? दोन फूट खोलीच्या चार उभ्या फळ्या, प्रत्येकी चौदा चौरस फूट, झाले ५६. वर-खाली धरून सहा आडव्या, झाले ८४. दारांचे ४९. एकूण १८९, पाठीचा पातळ प्लाय वेगळा. आठ बाय चारची शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे कापणीतली नासाडी न धरताही सहा शीटा. दिसतात ४९ फूट, आत आहेत त्याच्या जवळजवळ चौपट. भावात घासाघीस करून शंभर रुपये उतरवले की आपण खूश होतो; ते शंभर रुपये आतून निघतात. १८ मिलिमीटरच्या जागी आतल्या फळ्या १२ च्या होतात, पाठ आणखी पातळ होते, कडांना पट्टी लागत नाही. मी सुतारांना दोष देत नाही. मापच जर फक्त दर्शनी भागाचं ठरलं असेल तर आतला भाग ठरवायचा कुणी? म्हणून भाव विचारण्याआधी कागदावर फळ्यांची संख्या, जाडी आणि प्लायचा प्रकार लिहून न्यावा आणि त्याच कागदावर दोघा-तिघांचे भाव घ्यावेत. एकाचा उक्ता भाव, दुसऱ्याचा रनिंग फुटाचा, तिसऱ्याचा नुसत्या मजुरीचा असं घेऊन बसलं तर तुलना होतच नाही.

प्लायच्या बाबतीत ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दुकानात सर्रास ऐकू येतो. त्याऐवजी शीटवरचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा आकडा, त्यातही एमआर हा ओलसरपणा थोडाफार सोसणारा आणि बीडब्ल्यूआर हा त्याहून चांगला. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय; तो चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. सगळ्या घराला मरीन लावायची गरज नाही. सिंकखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीकडे तो लावावा, बेडरूमच्या कोरड्या भिंतीला नाही लावला तरी चालतं. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक खरा आहे का, हे मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये दुकानात उभ्या उभ्या पाहता येतं. दुकानदार चांगला असेल तर त्याला राग येत नाही.

फरशीचं थोडक्यात: मोरबीहून येणाऱ्या टाइल्सच्या खोक्यावर बॅच आणि शेड छापलेली असते. सगळी खोकी एकाच बॅचची घ्यावीत आणि एखाद-दोन जास्तीची घेऊन माळ्यावर टाकावीत. पुढे पाइप फुटून चार टाइल्स काढाव्या लागल्या तर तो रंग बाजारात पुन्हा मिळत नाही. बाथरूमची फरशी बसवण्याआधी खाली दोन-तीन दिवस पाणी साठवून गळतं का पाहावं. बोअरच्या जड पाण्यानं काळ्या, चकचकीत पृष्ठभागावर आणि काचेवर पांढरे डाग धरतात, तेव्हा बाथरूमसाठी मळखाऊ रंग बरा.

विजेबद्दल मात्र घाई करणार नाही. दिव्यांना दीड, साध्या पॉवर प्लगला अडीच आणि गिझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची वायर हे मोजमाप गृहिणीलाही पाठ असावं. आमच्याकडे मार्चपासून कूलर लागतो. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी, आणि पाणी भरायला जाणारी बाई अनवाणी. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. कूलर कुठल्या खिडकीत बसणार ते नकाशावरच ठरवावं, त्याचा पॉइंट तिथेच, अर्थिंगसह, हाताच्या उंचीवर द्यावा आणि बोर्डावर वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. छतातल्या रंगीत दिव्यांच्या पैशात तो सहज येतो. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी हात जोडून सांगते, दिवे राहू द्या.

आणि प्लास्टरच्या आधी, पाइप आणि वायरच्या नळ्या उघड्या दिसत असताना, प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा. मोबाइल खिशातच असतो. पुढे खिळा ठोकताना, कपाट बसवताना हा फोटो हजारो रुपये वाचवतो.

जड वस्तू डोक्यावर ठेवायच्या की नाही, हा प्रश्न आमच्या तालुक्यात आता नुसता सोयीचा राहिला नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर आमच्या भागात ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या, असं त्या वेळी प्रशासनानं लोकांना सांगितलं. १० जुलैला सकाळी सातनंतर पुन्हा तेवढाच, आणि त्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यातला रामेश्वर तांडा. आमच्या घरी त्या सकाळी माळ्यावरचे पितळी हंडे एकमेकांवर वाजले आणि एक घरंगळत कडेपर्यंत आला. खाली पलंगावर माझा भाचा झोपलेला होता. तेव्हापासून झोपायच्या जागेवर मी कुणालाही माळा काढून देत नाही. उंच कपाट वरच्या बाजूला भिंतीला क्लॅम्पनं आवळायचं, हंडे-पातेली खालच्या खणात, गाद्या-वाकळी वर. कुठली खोली झोपायची आणि माळा कुठे, हे स्लॅबच्या आधी ठरतं. नंतर माळा तोडायचा म्हणजे पुन्हा तीच हातोडी.

व्यवहाराचं एक प्रकरण पुस्तिकेत आहे, त्याबद्दल इथे फार लिहीत नाही. निम्मी रक्कम उचल म्हणून आधी देऊ नये. सामान घरात येऊन पडेल तशी द्यावी आणि शेवटचा दहावा हिस्सा काम तपासून. काम ओळखीच्या माणसाकडे असलं तरी लिहून घ्यावं, किंबहुना तेव्हा जरूर, कारण भांडणात पैशाबरोबर नातंही जातं. पक्कं बिल टाळून वाचवलेला पैसा फार महागात पडतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण हातात कागद नसेल तर तिथे सांगायचं काय?

पुस्तिका वापरायची कशी, तेवढं सांगते. पाया खणताना आपण फक्कीनं जमिनीवर घर आखतो. सगळं कुटुंब त्या पांढऱ्या रेघांमधून फिरतं, ही देवाची खोली, हे स्वयंपाकघर, म्हणत. तसंच आतल्या सामानाचं करा. जोत्यावर भर पडली, भिंती गुडघ्याएवढ्या आल्या, की रांगोळी घ्या आणि पलंग, कपाट, ओटा, फ्रिज, शिलाई मशीन, धान्याची कोठी खऱ्या मापात जमिनीवर काढा. दारं कुठे उघडतात त्याची कमान काढा. मग घरातल्या प्रत्येकाला सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस त्या रेघांमधून चालायला लावा. आजीला काठी घेऊन रात्री संडासला जाण्याचा रस्ता चालू द्या. पोरांना दप्तर कुठे टाकणार ते विचारा. कुठेतरी कुणीतरी अडतंच. तिथली रांगोळी पायानं पुसा आणि दुसरीकडे काढा. मागच्या वर्षी एका घरी दुपारभर हे चाललं होतं. गवंडी वैतागून बिडी ओढत बसला होता. शेवटी तोच उठला आणि म्हणाला, बाई, मोरीचं दार इकडून घेतलं तर पाणी भरायला सरळ पडेल. त्याचं बरोबर होतं.

शेवटी चार पानं चौकटींची कोरी सोडली आहेत. एक चौकट म्हणजे एक फूट धरा. पेन्सिलनं काढा, पेननं नको. पहिल्या पानाच्या माथ्यावर एक ओळ मोकळी ठेवली आहे. तिथे घरात भाकरी कोण थापतं त्यांचं नाव लिहा, आणि पुढे त्यांच्या कोपराची जमिनीपासूनची उंची, इंचात.